रेघेची जाडी

‘हॉर्टस मलबारिकस’ हा मलबारच्या वनस्पतींचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅमस्टरडॅममध्ये १२ खंडांत छापला गेला. पुढाकार कोचीतील डच सत्तेचा प्रमुख हेंड्रिक व्हान ऱ्हीड याचा. वनस्पतींचे ज्ञान मात्र इट्टी अच्युतन या वैद्यांचे आणि रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट या कोकणी पंडितांचे. आज हा ग्रंथ कोणाही विद्यार्थ्याला मोबाइलवर उघडता येतो. तेथे दिसते ते स्कॅनरने घेतलेले त्याचे मोजमाप, आणि मोजमापात चूक राहू शकते.

ही चूक महागात पडते. लिनियसने भारतातील कित्येक वनस्पतींना नावे दिली, तेव्हा त्याच्यापुढे वाळवलेले नमुने नव्हते, ऱ्हीडच्या ग्रंथातील चित्रे होती. त्यामुळे अनेक जातींच्या बाबतीत छापील चित्रच नामकरणाचा अधिकृत आधार ठरले आहे. नावाविषयी वाद निघाला की पानाच्या शिरा आणि फुलांची ठेवण त्या चित्रातच तपासावी लागते.

ही चित्रे तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेली आहेत. खाचेत भरलेली शाई ओलसर कागद दाबाखाली उचलून घेतो. खाच जितकी खोल व रुंद, तितकी रेघ ठसठशीत. छाया दाखवण्यासाठी समांतर रेघांची दाट विणकाम केल्यासारखी जाळी असते. ३०० डीपीआयवर एक बिंदू सुमारे ०.०८५ मिलिमीटरचा, ६०० वर त्याच्या निम्मा. रेघ आणि तिच्या शेजारची मोकळी जागा यांना मिळून किमान दोन बिंदू वाट्याला आले नाहीत, तर मूळ चित्रात कधीच नसलेले लाटांसारखे पट्टे उमटतात.

रंगखोलीचा प्रश्न याहून बिकट. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ने लाखो पुस्तके स्कॅन केली, ती प्रामुख्याने निव्वळ काळ्या-पांढऱ्यात, साठवणुकीचा खर्च पाहता ते समजण्यासारखे होते आणि अनेक दुर्मिळ पुस्तके त्यामुळेच वाचायला मिळतात. अक्षरांना ही पद्धत मानवते. कोरीव चित्राची मात्र ती दैना करते : फिकट शीर पांढऱ्यात विरते, ओलीचा डाग काळा होऊन पानाचाच भाग भासू लागतो. मागील पानाची शाई पुढे झिरपून दिसत असेल, तर पानाखाली काळा कागद सरकवण्याचा साधा उपाय पुष्कळ काम करतो.

शिवाय यातील बरीच चित्रे समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेली आहेत. सपाट काचेवर ग्रंथ दाबला तर कणा दुखावतो. न दाबला तर वनस्पतीचा मधला भाग शिवणीत बुडतो. म्हणूनच व्ही-आकाराच्या पाळण्यात ग्रंथ अर्धवट उघडा ठेवून वरून कॅमेऱ्याने पाने टिपतात.

पहिल्या खंडात त्या तीन पंडितांची १६७५ची ग्वाही आहे. भाषा कोकणी, लिपी नागरी. तिच्यासाठी खिळे जुळवलेले नाहीत; हस्ताक्षराच्या वळणांसह ती तांब्यावर कोरली आहे. छापील खिळ्यांवर शिकलेल्या अक्षरओळख प्रणालीला ही वळणे सहजी उमगत नाहीत. शोधपेटीत ‘रंग भट’ लिहून हे पान सापडेल, अशी आशा करू नये. खंड उघडून एकेक पान उलटत जावे.