गाइड मागच्या सीटवर

ऑफिसातली पोरं गाइड घेऊन बाइकनं लडाखला गेली. मी तेल्हाऱ्याला आलो. म्हटलं, "बाबा, चिखलदऱ्याला जाऊ." स्प्लेंडरची चावी देत म्हणाले, "तूच चालव."

आमच्याच तालुक्यातल्या अडगावला २९ नोव्हेंबर १८०३ रोजी वेलस्लीनं लढाई जिंकली आणि १५ डिसेंबरला गाविलगड घेतला. आम्हीही त्याच गडाकडे निघालो होतो. परतवाडा सुटलं, घाट लागला, नेटवर्क गेलं. प्रत्येक वळणाआधी बाबा मागून सांगायचे, "गिअर कमी कर. हॉर्न दे." एकही वळण चुकलं नाही.

वर पोचल्यावर मी गाविलगडाचा तट दाखवला.

"कुठं?"

तट समोरच होता. फोनवर मात्र वर्षभर "डोळे बरे हायेत" चाललं होतं.

"मंग वळणं कशी सांगितली?"

"रस्ता पाठ हाय नं बाप्पा."

पुण्याचं तिकीट मी तिथंच रद्द केलं.