चालू झाला, पण दुरुस्त झाला का?

दिवाळीच्या सुट्टीत अंबाल्याला घरी पोहोचलो, तर आईचा इलेक्ट्रिक ओव्हन रुसून बसला होता. नानकटाई वरून लाल व्हायची आणि खालून कच्ची राहायची. शेजारच्या क्वार्टर्समधून पाच किलोंची ऑर्डर आली होती, तीही दुसऱ्या दिवशी सकाळसाठी. बाजारातल्या मेकॅनिकने ओव्हन न उघडताच सांगून टाकलं होतं, "खालचा रॉड गेला. नवा टाका."

बाबा म्हणाले, "मोजल्याशिवाय कशाला बदलायचं?"

एनसीसीत रायफल हातात घेतली की आधी ती रिकामी असल्याची खात्री करायची असते. इथेही तसंच. प्लग काढून डोळ्यांसमोर टेबलावर ठेवला, ओव्हन पूर्ण थंड होऊ दिला आणि मगच बाजूचा पत्रा उघडला.

रॉड ७५० वॅटचा होता. व्होल्टेजच्या वर्गाला वॅटने भागलं की रोध मिळतो, हे भौतिकशास्त्रात शिकलोच होतो. २३० चा वर्ग ५२,९००. भागिले ७५०, म्हणजे सुमारे ७० ओहम. रॉडच्या दोन्ही वायर सोडवून मल्टिमीटर लावला. आकडा आला ६८. रॉड ठणठणीत होता! मग सिलेक्टर स्विचपासून रॉडपर्यंतची वायर तपासली, तर बीप वाजेना. रॉडच्या टोकाशी असलेला लग काळा पडला होता आणि आत वायर जळून तुटली होती. जोड सैल असला की तिथे उष्णता वाढते, उष्णतेने जोड आणखी खराब होतो, आणि शेवटी वायर तुटते. साधी वायर आत वितळली असती, म्हणून उष्णता सोसणारी फायबरग्लास आवरणाची वायर आणली आणि नवा लग पकडीने घट्ट दाबून बसवला. ओव्हन लावताच काही मिनिटांत खालचा रॉड लाल झाला.

आई ट्रे घेऊन आली. तिच्या पायात रबरी चपला होत्या. दाराच्या मुठीला हात लावण्याआधी तिने कोरडं फडकं गुंडाळलं. मी विचारलं, "फडकं कशाला? अजून तर तापलाही नाही."

"पत्र्याला हात लागला की थोड्या मुंग्या येतात," ती म्हणाली. "पावसाळ्यापासून. सांगितलं असतं तर तुम्ही ओव्हनच बंद केला असता."

बाबांनी लगेच स्विच बंद करून प्लग काढला. रात्रीचे आठ वाजले होते, पीठ मळून तयार होतं.

प्लगची सर्वांत जाड आणि लांब पिन अर्थिंगची. ती आणि ओव्हनचा उघडा पत्रा यांच्यात मीटर लावला, बीप नाही. प्लग उघडला, तर हिरवी वायर स्क्रूतून निसटून नुसतीच पडलेली! ओव्हनच्या आत फेज पत्र्याला चिकटला, तर याच वायरीने प्रवाह जमिनीत जातो आणि फ्यूज उडतो किंवा एमसीबी पडतो. ती नसेल, तर तोच प्रवाह पत्र्याला हात लावणाऱ्या माणसातून जातो. हिरवी वायर इतर दोन वायरींपेक्षा थोडी लांब ठेवून घट्ट बसवली. आता बीप आला. तरीही बाबांनी ओव्हन लावू दिला नाही. सकाळी क्वार्टर्सच्या इलेक्ट्रिशियनने मेगरने ओव्हनचं इन्सुलेशन तपासलं, सॉकेटचं अर्थिंग पाहिलं, तेव्हाच ट्रे आत गेला. सकाळी द्यायचे डबे संध्याकाळी पोहोचले. आईला चार घरी माफी मागावी लागली.

ओव्हन तापला तेव्हा आम्ही सगळेच खूश होतो. पण तो फक्त चालू झाला होता, दुरुस्त झाला नव्हता.

मित्रांनो, पुढच्या सुट्टीत घरी गेलात की आईला एकदा विचारा, फ्रिज, गिझर किंवा ओव्हनला हात लावताना मुंग्या येतात का? ती "थोड्या येतात, पण चालतंय" म्हणाली, तर आधी स्विच बंद करा आणि लगेच इलेक्ट्रिशियनला बोलवा.