हिरवा सोडून कुठलाही

बेळगावच्या कॅम्प भागात वाढलेल्या पोराला लष्करी गाड्या काही नवीन नाहीत. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटरच गावात. तरीसुद्धा जोंगा दिसली की लोक ‘मोठी जीप’ म्हणून मोकळे होतात आणि माझा मामा चिडतो. जोंगा म्हणजे निस्सानच्या पेट्रोल नावाच्या गाडीचा (इंधनाचं पेट्रोल नव्हे, गस्तीचं) आपल्याकडचा अवतार. 1969 ते 1999 या काळात ती जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत सैन्यासाठी बनत होती. नाव जपानी वाटतं, पण ती ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली’ची आद्याक्षरं आहेत.

मामाने घेतलेली जोंगा खानापूरकडे एका गॅरेजवाल्याकडे होती. मागे क्रेन बसवून बंद पडलेल्या गाड्या ओढायला तो ती वापरायचा. सैन्यातून लिलावात निघालेल्या अनेक जोंगांचं पुढचं आयुष्य असंच गेलं. सहा सिलिंडरचं, जवळजवळ चार लिटरचं मूळ इंजिन पेट्रोल पाण्यासारखं पितं, म्हणून कुणीतरी ते कधीच काढून डिझेल इंजिन टाकलं होतं. रंग मरून. मामी म्हणाली, “ह्याला लोखंड म्हणायचं की गाडी?”

घासायला मी होतो. मरूनखाली पिवळा, त्याखाली पांढरट प्रायमर, आणि त्याखाली तो ऑलिव्ह ग्रीन. बंपरवर बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हळूहळू फिरवला तेव्हा अक्षरांची सावली दिसायला लागली. आधी वर टोक केलेला बाण, मग 84. सैन्याच्या गाडीला आरटीओचा नंबर नसतो. बाणाजवळचे दोन आकडे म्हणजे गाडी सैन्यात आली ते साल, त्यापुढे एक अक्षर, अनुक्रमांक, आणि शेवटी गाडीचा वर्ग सांगणारं अक्षर. आमच्या गाडीचे शेवटचे आकडे क्रेनवाल्याच्या वेल्डिंगखाली गेले होते. युनिटची खूण तर कुणीतरी पार खरवडून काढलेली. म्हणजे 1984 साल कळलं, कुठे होती ते नाही. मामाने आठवडाभर भिंग घेऊन बंपर पाहिला.

आजोबा खुर्चीत बसून बघत होते. ते सैन्यात ड्रायव्हर होते, शक्तिमान चालवायचे. “काय शोधूलालास रे? गाडी कुठल्याबी युनिटात जाते, बोलावतील तिकडं,” म्हणाले, आणि पेपर वाचायला लागले.

खरी पंचाईत रंगाची झाली. मामाला गाडी जशी जबलपूरहून निघाली तशीच हवी होती. पण केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 यातला 121वा नियम सांगतो की संरक्षण खात्याशिवाय कुणाच्याही गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग द्यायचा नाही. केए 22ची पाटी लागली म्हणजे गाडी आपल्यासारखीच नागरिक. आरटीओच्या एजंटने एका वाक्यात मिटवलं, “हिरवा सोडून कुठलाही सांगा, आरसीवर चढवून देतो.”

मामाचं म्हणणं, मूळ रंग नाही तर एवढी मेहनत कशाला? मला नियम पटतो. लग्नाच्या वरातीत बाण आणि स्टार लावून फिरणाऱ्या जीपा मी पाहिल्या आहेत, त्या बघून लाज वाटते. पण तो रंग डब्यात कालवून तयार असताना मामाचा चेहरा पाहिला, तेव्हा नियमाची बाजू मोठ्याने घेणं मला जमलं नाही. तीन दिवस दोघे बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत, कारण आजोबांनी सरळ सांगितलं होतं, “तो रंग लावून माझ्या दारात उभी करायची नाही.”

शेवटी राखाडी ठरला. सीटखालचा वीतभर पत्रा मात्र मामाने तसाच ठेवला, वर नुसतं लॅकर.

मग एका संध्याकाळी आजोबा स्वतः उठून गाडीच्या मागे गेले आणि वाकून म्हणाले, “दिवा कुठाय?” मागच्या डिफरन्शियलच्या गोळ्यावर, चिखल धुतल्यावर, पांढरा रंग निघाला होता. आम्हाला वाटलं होतं, गॅरेजवाल्याचा उद्योग. आजोबांनी सांगितलं, रात्री हेडलाइट बंद ठेवून ताफा चालतो तेव्हा गाडीखालचा एक बारीक दिवा त्या पांढऱ्या गोळ्यावर पडतो आणि मागचा ड्रायव्हर तेवढंच बघत चालतो. 1971च्या डिसेंबरात राजस्थानात ते रात्र रात्र असाच एक गोळा बघत शक्तिमान हाकत होते. पुढच्या गाडीत कोण आहे, हे सकाळी कळायचं. हे त्यांनी घरात कधी सांगितलं नव्हतं. आईलासुद्धा नाही.

मामाने त्याच रात्री बल्ब जोडला. शेतातल्या वाटेवर हेडलाइट बंद करून तो सावकाश पुढे निघाला, आणि आजोबा माझा हात धरून मागून चालायला लागले. चिंचेच्या झाडापर्यंत गोळा दिसत होता. मामा त्याच्या पुढे गेला तसा तो दिसेनासा झाला.

“लांब गेला तो,” आजोबा म्हणाले. “हाक मार त्याला.”