आईची अक्षरे

माझ्या आईची जन्मतारीख कोठेही नोंदलेली नव्हती. धाकट्या मावशीहून ती दोन पावसाळ्यांनी मोठी, एवढेच घरात ठाऊक होते; त्यावरून १९३७ च्या आसपासचे साल आम्ही मानीत आलो. त्या काळी गोव्यावर पोर्तुगिजांचा अंमल होता. सरकारी प्राथमिक शिक्षण पोर्तुगीज भाषेतून चाले. मराठी शाळा होत्या त्या लोकांनी आपल्या हिमतीवर चालविलेल्या, कोणाच्या ओसरीवर नाहीतर देवळाच्या अग्रशाळेत भरणाऱ्या. मुंडकाराच्या मुलीची पावले तिकडे क्वचितच वळत.

आजच्या मुलांना मुंडकार हा शब्द कदाचित समजणार नाही. भाटकाराच्या जमिनीत, त्याच्या अनुमतीने घर बांधून राहणारा तो मुंडकार. भिंती आपल्या, पण त्यांच्याखालची भुई दुसऱ्याची. आई जन्मली तशाच घरात आणि लग्न होऊन आली तीही तशाच घरात, फोंडे महालातील म्हार्दोळच्या परिसरात.

तेथील जाया प्रसिद्ध आहेत. पावसाळ्यात कळ्या उमलण्यापूर्वीच खुडाव्या लागतात आणि केळीच्या सोपाच्या दोऱ्यात गुंफाव्या लागतात. आईची बोटे या कामात इतकी तरबेज होती की तिला त्यांच्याकडे पाहावे लागत नसे. श्रावणात शेजारच्या ओसरीवर श्रीधरांचे शिवलीलामृत लागे, तेव्हा ती कळ्यांची परडी घेऊन कडेला बसे. हात माळेत, कान पोथीत. वर्षानुवर्षे ऐकून अकरावा अध्याय तिला आरंभापासून शेवटापर्यंत मुखोद्गत झाला होता. घरात आम्ही बोलतो कोंकणी, परंतु देवाशी बोलायची भाषा मराठी, हे तिच्या मनात पक्के होते.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्यानंतर गावोगावी सरकारी मराठी शाळा निघाल्या. १९६३ साली माझे नाव अशाच एका शाळेत घातले गेले आणि घरात पाटी आली. रात्री दिव्यापाशी मी 'क' काढला की आई विचारी, "हें कितें?" मी सांगे, ती पाटी ओढून घेई, पुसे आणि तेच अक्षर स्वतः काढी. वर्षअखेरीस तिला बाराखडी येऊ लागली. मग तिने कोठून तरी शिवलीलामृताची एक जुनी प्रत मिळविली. ओवी आधीच पाठ असल्यामुळे कोणता ध्वनी कोणत्या अक्षरात आहे हे तिला सहज सापडे. मला तर ती शिकण्याची फार उत्तम रीत वाटते. एकच अडचण होती. जीभ डोळ्यांच्या पुढे धावे, आणि पान उलटण्यापूर्वीच पुढच्या पानावरची ओवी तिच्या तोंडून बाहेर पडे. आपण वाचतो की आठवतो, हे तिचे तिलाच कळेना.

म्हणून तिने पाठ नसलेला मजकूर शोधला. 'गोमन्तक' दैनिक १९६२ साली पणजीहून सुरू झाले होते. आमच्याकडे ते विकत येत नसे. मीठ-गूळ बांधून आलेल्या कागदांतून येई. गूळ डब्यात गेला की आई तो चिकट तुकडा उजेडात धरून वाचीत बसे. अर्धी बातमी, अर्धी जाहिरात. बहुधा महिनाभर शिळी.

१९७५ साली मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा झाला. त्या दिवसांत एका दुपारी भाटकाराचा कारकून एक मराठी कागद घेऊन आमच्या दारी आला. वडील खाणीवर, मी पणजीला कॉलेजात. किरकोळ नोंद आहे, आंगठा उठवा, असे त्याने सांगितले. आईने हात पुसून कागद घेतला आणि दारातच दोनदा वाचला. आम्ही येथे केवळ मर्जीने राहतो आणि सांगाल तेव्हा घर मोकळे करू, असा तो मजकूर होता. आईने कागद परत दिला. "म्हाका सय करूंक येता, पूण ह्या कागदार करची ना," एवढेच ती म्हणाली. पुढे मामलेदाराकडे मुंडकार म्हणून आमची नोंद झाली आणि ते घर राहिले. ही हकीकत मला शेजारणीकडून कळली. आईला विचारले, तेव्हा त्या माणसाचे अक्षर फार वाईट होते, अशी तिने तक्रार केली.

जोडाक्षरांशी मात्र तिचे शेवटपर्यंत जमले नाही. नातवंडे शिक्षणासाठी दूर गेली, तेव्हा ती त्यांना पोस्टकार्डे लिही. त्यांत श्रावण हा 'सरावण' असे आणि प्रकृती ही 'परकुरती'. माझी मुलगी पहिल्याने लाल शाईने चुका दाखवून उलट टपाली कार्ड धाडी. आजीने ती सारी कार्डे जपून ठेविली आणि लिहिण्याची पद्धत तसूभरही बदलली नाही.

अखेरच्या दोन-तीन वर्षांत तिची दृष्टी गेली. मग श्रावणात मुलगी पोथी वाची आणि आजी खाटेवर पडून ऐके. मुलगी एखाद्या शब्दाला अडखळली की आजीकडून तो शब्द चटकन येई, जोडाक्षरासकट, अगदी स्वच्छ. ती पोथी आता मुलीकडे आहे. अकराव्या अध्यायाची पाने सुटी झाली आहेत आणि दोन ठिकाणी त्यांवर गुळाच्या बोटांचे डाग आहेत.