पोलादाचा थकवा कोणी मोजला?

मोटारीच्या इतिहासात इंजिन बनविणाऱ्यांची नावे राहतात. इंजिनातील झडपेच्या स्प्रिंगचा उल्लेख मात्र क्वचितच सापडतो. आजचा धागा तिच्याविषयी.

प्रारंभीच्या पुष्कळ मोटारींत मिश्रण आत घेणारी झडप सिलिंडरमधील शोषणानेच उघडे. ती मिटवायला हलकी स्प्रिंग पुरे. जळालेला वायू बाहेर सोडणारी झडप कॅम उचलीत असे आणि तिला घट्ट मिटविणे हे जोरकस स्प्रिंगचे काम. फोर-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांमागे झडप एकदा उघडते. मिनिटाला १,६०० फेरे धरले, तर ८०० वेळा, तासाला ४८,०००. एकवीस तासांच्या आत दहा लाख उघडझापी, आणि त्याही धगीच्या शेजारी. लोहार पोलादाला पाणी देतो. ते पोलाद वाजवीपेक्षा अधिक तापत राहिले, की पाणी उतरते आणि स्प्रिंग बसते. ती तुटलीच, तर झडप नीट मिटत नाही आणि त्या सिलिंडरचे बळ जाते.

म्हणून स्वस्त तार चालेल का, या प्रश्नाला ती एकदा ओढून पाहून उत्तर मिळत नाही. प्रशियातील आउगुस्ट व्होलर याने रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून १८६०च्या दशकातच दाखविले होते, की एका झटक्यात न तुटणारे लोखंड त्याहून कितीतरी कमी भार पुनःपुन्हा सोसून तुटते. साध्या कार्बन पोलादाची तार नीट ओढली, नीट पाणी दिले, तर झडपेला पुरते. पण तिच्यावरचा केसाएवढा ओरखडाही तडा सुरू करू शकतो. स्वस्तपणाची खरी किंमत मोजायची, तर दाब-सोड लक्षावधी वेळा करावी लागते. कारखान्यात ती झाली नाही, तर गिऱ्हाईक रस्त्यावर करतेच.

माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात इंजिने उघडतात. जुनी आणि नवी स्प्रिंग सपाट पत्र्यावर शेजारी उभ्या करून ते डोळ्यांनीच उंची ताडतात. हीही चाचणीच, तिची नोंद कोठेच होत नाही. त्यामुळे असेल, पण हेन्री फोर्डची प्रसिद्ध कथा मी जरा संशयाने वाचतो. १९०५ साली पाम बीचच्या शर्यतीत एका फ्रेंच गाडीचा चुराडा झाला, त्यातून झडपेचा लहानसा दांडा आपण उचलला, तो हलका आणि कमालीचा मजबूत होता आणि त्यात व्हॅनेडियम निघाले, असे फोर्ड १९२२च्या आत्मचरित्रात लिहितो. तोवरच्या पोलादाची ताकद साठ-सत्तर हजार पौंड, व्हॅनेडियमची एक लाख सत्तर हजार, हे आकडेही त्याचेच.

सतरा वर्षांनंतरची, सहलेखकाच्या साहाय्याने सांगितलेली ही आठवण मला फारच नेटकी वाटते. पोलादाचा खरा अभ्यास करणारा हॅरल्ड विल्स आणि व्हॅनेडियमचे ज्ञान इंग्लंडहून आणणारा धातुतज्ज्ञ जे. केंट स्मिथ यांना या चित्रात जागाच उरत नाही. तरी कथेचा गाभा विचार करण्याजोगा आहे. महाग पोलाद गाडीसाठी स्वस्त ठरले, कारण भाग बारीक करता आले, वजन घटले. तोलून स्वस्त आणि चालवून स्वस्त यांतले अंतर झडपेच्या स्प्रिंगलाही लागू आहे.

याच आठवणीतला एक तपशील मात्र मला विश्वसनीय वाटतो. नेहमीच्या भट्टीची आच या पोलादाला पुरत नव्हती. ओहायोतील कँटनच्या एका लहान कारखान्याला फोर्डने नुकसान भरून देण्याची हमी दिली. पहिला घाण फसला, दुसरा साधला. फसलेल्या चाचणीचा खर्च कोणी सोसायचा, हे तेथे आधीच ठरले होते. १९०८ साली ८५० डॉलरला मॉडेल टी घेणाऱ्याला असली हमी कोण देणार होते?