फोटोतला मनोरा सापडला!

मुंबईत एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्यांवर उभं राहून मोबाइलवर इथलाच एकोणिसाव्या शतकातला फोटो उघडलात आणि समोर पाहिलंत, तर मी काय म्हणतोय ते कळेल! जागा तीच. हॉर्निमन सर्कल, तेव्हाचं एल्फिन्स्टन सर्कल. आणि पलीकडे सेंट थॉमस कॅथेड्रल. १७१८ साली उघडलेलं, मुंबईतलं इंग्रजांचं पहिलं चर्च! फोर्टमधून इतकी वर्षं जातोय, तरी मला वाटायचं, चर्च म्हणजे असून असून काय असणार?

जुन्या फोटोत मनोरा नुसता दिसत नाही, तो राज्य करतो. १८३७ मध्ये चर्चला कॅथेड्रलचा दर्जा मिळाला आणि पुढच्याच वर्षी हा मनोरा उभा राहिला. फोटोत बाग नुकती लावलेली, रोपटी गुडघाभर उंचीची, त्यामुळे नजर थेट चर्चपर्यंत धावते. आज? झाडंच झाडं! मला वाटलं होतं, मनोरा उंच इमारतींनी गिळला असेल. डावीकडे १९८० चा शेअर बाजाराचा टॉवर आहेच की. पण नाही हो, मनोरा लपवलाय तो झाडांनी! पानांच्या फटीतून त्याचं टोक दिसलं तेव्हा मी चक्क ओरडलो. शेजारी भेळ खाणाऱ्या दोघांनी वळून पाहिलं. पाहू देत!

मग नादच लागला. फोटोग्राफर नेमका कुठे उभा होता, ते शोधायची युक्ती सांगतो. सर्कलभोवतीच्या इमारतींच्या कमानी अजून तशाच आहेत. फोटोत मनोऱ्याखाली कोणती कमान येते ते बघायचं आणि पावलापावलानं सरकत तीच कमान तिथे आणायची. मोबाइलचा कॅमेरा सगळं लांब ढकलतो, म्हणून थोडं झूम करायचं. आणि एका क्षणी जुळतं! अंगावर काटाच येतो.

काळात त्याहून मागे गेलात तर आणखी मजा. सर्कल होण्याआधी इथे मोकळं मैदान होतं, बॉम्बे ग्रीन. भोवती किल्ल्याची तटबंदी, आणि या चर्चकडे उघडणारा दरवाजा म्हणून चर्चगेट! १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या काळात तट पडला, दरवाजा गेला. आज त्या जागी फ्लोरा फाउंटन, आणि नाव मात्र जाऊन बसलंय पार पश्चिमेला, रेल्वे स्टेशनावर.

चर्चच्या दारासमोरचं कारंजं पाहायला विसरू नका. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटनं आखलेलं, कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून उभं राहिलेलं. रविवारी सकाळी लवकर जा, तेव्हा गाड्या फ्रेममध्ये येत नाहीत. माझं पुढचं लक्ष्य ठरलंय: कुलाब्याचं अफगाण चर्च!