डाव्या हाताच्या गाठी

उकव्यात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. बालाघाटहून बैहरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत दहा बाय पंधराची खोली, बाहेर जळक्या तांब्याचा ढीग. गावाची ओळख मॅंगनीजची. भरवेलीसारखी इथंही मॉइल कंपनीची भूमिगत खाण आहे, आणि पाळी सुटली की रस्ता मोटारसायकलींनी भरतो. माझी गिऱ्हाइकं मात्र धानवाली. आजोबा तुमसरकडून आले तेव्हा आमचीही राजधानी नागपूरच होती. १९५६ साली सीमा बदलल्या, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. घरात मराठी टिकली, बाजारात हिंदी, पवारी, गोंडी, जशी गरज पडेल तशी.

एका जूनमध्ये आयटीआयचे एक सर दुकानात आले. इलेक्ट्रिशियनच्या शेवटच्या वर्षाचा एक पोरगा होता. त्याला सहा आठवडे प्रत्यक्ष काम शिकवायचं होतं. जाता जाता म्हणाले, "ऐकू येत नाही त्याला. जन्मापासून."

"सर, करंटचं काम आहे हे. ऐन वेळी आवाज दिला तर ऐकू तर यायला पाहिजे."

"भाऊ, तुमच्या आवाजानं आजवर वाचलं कोण?"

मी गप्प बसलो. माझ्या उजव्या अंगठ्यावर भाजल्याचा जुना डाग आहे. त्या दिवशी माझा उस्ताद बेंबीच्या देठापासून ओरडला होता, आणि माझे दोन्ही कान शाबूत होते.

पोरगा आला. एकोणीस वर्षांचा, सडपातळ, डावखुरा. पहिले दोन दिवस मी त्याच्या पाठीमागे उभा राहून बोलत होतो आणि ऐकत नाही म्हणून चिडत होतो. तिसऱ्या दिवशी त्यानं माझे खांदे धरून मला दाराकडे तोंड करून उभं केलं, उजेड तोंडावर पडेल असं. मग स्वतःच्या ओठांवर बोट फिरवून माझ्या मिशीकडे दाखवलं. मिशीखाली ओठच दिसत नव्हते! संध्याकाळी मी मिशी कापून आलो. बायको हसली.

कोणी मेन स्विच चालू केला तर त्याला कळणार कसं, हा प्रश्न सुटायला आठवडा गेला. टेबलावर लाल बल्ब लावला. सप्लाय चालू असेतो तो पेटलेला. दुसरा नियम फ्यूजचा. जो मोटरला हात लावेल, त्यानं चिनीमातीची तिन्ही किटकॅट काढून आपल्या खिशात ठेवायची. खिशातून ती परत आल्याशिवाय करंट यायची सोयच नाही. सर म्हणाले, "२०१६ च्या दिव्यांग कायद्यात हेच आहे. माणसाला काम करता यावं म्हणून जागेत आणि पद्धतीत लागेल तो वाजवी बदल करून द्यायचा." ते बंधन सरकारी कचेऱ्यांवर आहे, माझ्या खोलीवर नाही. पण बल्ब आणि होल्डर मिळून किती पैसे लागतात? माझ्या दुसऱ्या पोऱ्यानंही आपण होऊन किटकॅट खिशात घालायला सुरुवात केली.

बोलणं वहीत चाले, हिंदीत, कारण त्याची शाळा हिंदी. थोडं खुणांनी. मुलीनं माझ्या फोनवर 'साइन लर्न' ॲप टाकून दिलं. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या दहा हजार शब्दांच्या कोशावर ते उभं आहे. 'पाणी', 'उद्या', 'पैसे' मी त्यातून शिकलो. दुकानातल्या खुणा आमच्या आम्हीच पाडल्या. जळकी मोटर म्हणजे नाक चिमटीत धरायचं. वार्निश म्हणजे तळहातावर बोटानं तूप लावायचं. मलाही त्यानं नाव दिलं. मूठ कानाशी नेऊन धरायची, कारण बेअरिंग तपासताना मी पेचकसाचं टोक मोटरवर आणि मूठ कानाला लावतो. सगळं गाव मला आडनावानं ओळखतं. त्या नावानं हाक मारणारा तो एकटाच.

हात त्याचा चांगला होता. जळकी कॉइल सोडताना वेढे मोजायचा, तारेचा गेज घ्यायचा, फर्म्यावर नवी कॉइल ओढायचा. स्लॉटमध्ये कागद घालून तार बसवायची, वरून बांबूची चीप ठोकायची, शेवटी कॉइलींची तोंडं दोऱ्यानं आवळून बांधायची. जुलैच्या सुरुवातीला त्यानं पहिली तीन एचपीची मोटर एकट्यानं भरली. पावसानं उघडीप दिली होती. शेतकऱ्याचे पऱ्हे वाळत होते, सकाळी मोटर न्यायला येणार होता.

पोरगा घरी गेल्यावर मी मोटर चालवून पाहिली. भुणभुणली. टाँग टेस्टर लावला, तर तिन्ही फेजचा करंट तीन तऱ्हेचा. एका कॉइलचं टोक उलटं जोडलं होतं. अशी चूक माझ्या हातून किती वेळा झाली असेल! पण मनात आलं, बिचाऱ्याची पहिली मोटर, कशाला मन मोडायचं. रात्री दहापर्यंत बसून दोरे कापले, जोड सरळ केला, पुन्हा बांधून बल्बखाली वाळत ठेवली. कोणाला काही बोललो नाही.

सकाळी तो मोटरजवळ गेला आणि थांबला. माझं बोट धरून दोऱ्याच्या गाठींवर फिरवलं. डावखुऱ्याची गाठ एका अंगाला झुकते, माझी दुसऱ्या. वहीत लिहिलं, "यह मेरा नहीं।" खाली आणखी एक ओळ, "गलती कहाँ थी?" मी हात हलवला, सोड म्हणून. त्यानं खिशातली किटकॅट काढून टेबलावर ठेवली आणि दिवसभर स्टुलावर बसून राहिला. एका तारेला हात लावला नाही.

रात्री मला माझा उस्ताद आठवला. माझी पहिली मोटर त्यानं गिऱ्हाइकादेखत उघडली होती, उलटा जोड माझ्या नाकासमोर धरून आईमाईवरून शिव्या घातल्या होत्या. त्या दिवसापासून माझा जोड उलटा लागला तर मलाच आधी कळतो. मी या पोराला इतक्या दिवसांत एक शिवी दिली नव्हती. वाटलं होतं माया करतोय. खरं तर मी त्याला कारागिरांत धरलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भंगारातली एक मोटर काढली, तिचा एक जोड मुद्दाम उलटा केला, टाँग टेस्टर त्याच्या हातात दिला आणि बाजूला झालो. दुपारी दोनला त्यानं तो जोड शोधला. मग मी दाराकडे तोंड करून, उजेडात, ओठ नीट दिसतील असा त्याला झाडला. परवाच्या चुकीबद्दल, न तपासता घरी गेल्याबद्दल, गिऱ्हाइकाचे पऱ्हे वाळत असल्याबद्दल. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग मान खाली घालून किटकॅट उचलली आणि खिशात घातली.

पुढची मोटर न्यायला आलेल्या शेतकऱ्यानं विचारलं, "भाऊ, ही तुम्ही भरली का यानं?"

"यानं. काही झालं तर यालाच विचारा."

पोरगा आमच्या ओठांकडे बघत होता. काय कळलं कोण जाणे, पण मोटर पिकअपमध्ये चढवायला तो स्वतः गेला.

सहा आठवडे संपले, तो गेला. आता गोंदियात रिवाइंडिंगच्याच कामावर आहे. अधूनमधून व्हिडिओ कॉल करतो, आधी मूठ कानाशी नेतो, मग नाक चिमटीत धरून टेबलावरचा ढीग दाखवतो. माझी मिशी परत वाढलेली दिसली की बोलतही नाही, नुसतं बोट दाखवतो.

त्यानं पिकअपमध्ये चढवलेली ती मोटर पुढच्या हंगामात परत आली. उघडली. बेअरिंग गेलं होतं. वाइंडिंग जसंच्या तसं होतं, दोऱ्याच्या गाठी डावीकडे झुकलेल्या. बेअरिंग बदललं आणि झाकण लावून टाकलं.